डाव्या मुठीवरची चिंधी

मी एक जुनी मोटारसायकल आहे. आधीच सांगते मित्रांनो, वेगाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर दुसरीकडे जा. माझी गोष्ट थांबण्याची आहे, आणि ती ऐकायला जरा धीर लागतो.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. आता विटकरी म्हणा की गुलाबी, तुमची मर्जी. पहिली काही वर्षं मी एका दूधवाल्याकडे काढली. दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन, वर तो, आणि खाली मी बिचारी! त्यानं मला विकलं ते मूल गावच्या नवाबभाऊंना. बसस्टँडजवळ त्यांचं गाड्या दुरुस्तीचं दुकान आहे. दुरुस्ती करता करता ते लोकांना गाडी शिकवायलाही लागले. माझ्या पुढच्या-मागच्या पाटीवर त्यांनी लाल रंगात इंग्रजी ‘एल’ काढला. चालवणारा अजून शिकतो आहे, सांभाळून घ्या, असा त्याचा अर्थ.

काय दिवस होते ते! मूलला लायसन्सच्या परीक्षेचं शिबिर लागलं की माझ्यामागे रांग लागायची. मैदानावर चुन्यानं इंग्रजी आठचा आकडा आखलेला असतो. त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची, की झालं पास. “नवाबभाऊची लाल गाडी घे, तिले आठ तोंडपाठ हाय,” असं लोक म्हणत. मला ऐकून गुदगुल्या व्हायच्या. खोटं कशाला बोलू?

मग बिनगिअरच्या स्कूटर आल्या. मूठ पिळली की पळतात, ना क्लच ना गिअर. शिकणारे सगळे तिकडे वळले. मी दुकानामागे उभी, अंगावर फाटका प्लास्टिकचा कागद आणि सीटवर नवाबभाऊंची कोंबडी. तिनं तिथं अंडीसुद्धा घातली. शेवटी माझी ही गत झाली.

एके दिवशी तो कागद कुणीतरी ओढला. समोर संघप्रिया उभी होती, जंगलाकडच्या एका खेड्यातल्या ठमाबाईंची मुलगी. तिला नर्सची नोकरी लागली होती, थेट भामरागडकडं.

“नवाबभाऊ, मले गिअरवालं लायसन्स पायजे.”

“काऊन? तुयाजवळ स्कूटीचं हाय ना?”

“तिथच्या उपकेंद्रात मोटारसायकल हाय भाऊ. गिअरवालं लायसन्स नसन तर हजर करून घेत नाई म्हणतेत.”

“बरोबर हाय त्यायचं. गिअरवालं असलं तर बिनगिअरची चालवता येते. उलटं नाई चालत. पहिले शिकाऊ लायसन्स काढ, महिना जाऊ दे, मग परीक्षा.” त्यांनी कोंबडीला हाकललं आणि माझ्या टाकीवरून हात फिरवला. “चल बुढ्ढी, ऊठ. काम आलं.”

बुढ्ढी! असो.

शिकवणी राईस मिलच्या मागे सुरू झाली. तिथं धान वाळवायचं सिमेंटचं मोठं पटांगण आहे. हंगाम नसला की रिकामं असतं. संघप्रियाचा तोल उत्तम होता, स्कूटरवर इतकी वर्षं काढलेली पोर ती. पहिल्याच सकाळी दोन फेऱ्या झकास मारल्या. तिसऱ्या फेरीला नवाबभाऊ ओरडले, “थांबव!”

तिनं डाव्या हाताचा लिव्हर करकचून दाबला.

मित्रांनो, इथं नीट लक्ष द्या. बिनगिअरच्या स्कूटरला डाव्या हातात ब्रेक असतो. माझ्या डाव्या हातात क्लच आहे. तो दाबला की माझं इंजिन चाकापासून सुटतं आणि मी मोकाट घरंगळते. माझे ब्रेक उजव्या हाताला आणि उजव्या पायाला. तिला वाटलं गाडी थांबेल, आणि आम्ही दोघी सरळ कोंड्याच्या ढिगात!

“भाऊ, तुमच्या गाडीले ब्रेकच नाई!” कोंडा झटकत ती ओरडली.

“हाय ना बेटा. तू मांगून राह्यली डाव्या हाताले, तो राह्यते उजव्याकडं.”

दोघं पोट धरून हसली. नंतर ती आठ काढायला शिकली, गिअर बदलायला शिकली, आणि कोंड्याची गोष्ट मागे पडली. पण मी विसरले नाही. कुठं काही खट्ट झालं की तिची डावी बोटं आवळत, हे माझ्या मुठीला रोज कळत होतं. सांगणार कशी? मला हॉर्न आहे, जीभ नाही.

परीक्षेच्या दिवशी तिनं असा आठ काढला की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पास! अचानक थांबायची वेळ त्या मैदानावर आलीच नाही. नवाबभाऊंनी पेढे घेतले आणि म्हणाले, “चल, तुया मायले तोंड गोड करून येऊ.” ती पुढं, ते मागं, दोघांच्या डोक्यावर हेल्मेट, आणि मी जंगलातल्या रस्त्याला लागले. पोर गाणं गुणगुणत होती. माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता.

वळणापाशी झुडपातून रानडुक्कर आडवं आलं, मागे पिल्लं. डावा हात आवळला. इंजिन किंचाळलं, मी घरंगळत सुटले. शेवटच्या क्षणी तिचा पाय ब्रेकवर पडला, पण उशीर झाला होता. मी कलंडले आणि तिघंही रस्त्याकडेच्या पाचोळ्यात गेलो. डुकरं पार झाली. हेल्मेटनं डोकी वाचवली. नवाबभाऊंचा पाय मुरगळला, पेढे मातीत सांडले.

संघप्रिया तिथंच बसून रडायला लागली. “मी पास झाली ना भाऊ! मंग काऊन असं झालं?”

“पास तू झाली बेटा. हात अजून स्कूटरवरच हाय.” ते पाय चोळत राहिले. “मी तुले आठ शिकवला, थांबणं नाई शिकवलं. आठवर कोणी मरत नाई.”

घरी ठमाबाईंनी लेकीला उराशी धरलं आणि म्हणाल्या, “लायसन्स तं भेटलं ना? मंग हजर हो, पोरी. नोकरी हातची जाईन.”

जायला हरकत नव्हती. कागद तिच्या बाजूनं होता. नोकरीवर हजर व्हायला थोडेच दिवस उरले होते आणि बॅग भरायची होती. तरी दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना ती मिलच्या पटांगणात हजर! मला इतका आनंद झाला की पहिल्याच किकला सुरू झाले, नाहीतर मी कधी ऐकते का?

नवाबभाऊंनी आपल्या जुन्या लाल दुपट्ट्याची चिंधी फाडली आणि माझ्या डाव्या लिव्हरवर घट्ट बांधली. “बोटाले गाठ लागली की समज, इथी ब्रेक नाई.” मग मिलमधलं रिकामं पोतं घेऊन ते लंगडत आडोशाला उभे राहायचे आणि न सांगता माझ्या चाकापुढं फेकायचे. पहिल्या दिवशी पोत्यावरून आम्ही किती वेळा गेलो, ते पोतंच जाणे. हळूहळू बोटं गाठीवर अडायला लागली. मग अडल्याशिवायच उजवा हात आणि पाय पुढं यायला लागले. शेवटच्या सकाळी पोत्याऐवजी खरीच शेळी आडवी आली. मी तिच्या शिंगांपासून हातभर अंतरावर उभी राहिले, आधी ब्रेक आणि मग क्लच, म्हणून इंजिनसुद्धा बंद पडलं नाही. नवाबभाऊंनी पोतं हवेत भिरकावलं आणि पोरासारखे नाचले, मुरगळलेल्या पायानं!

जाताना तिनं ती चिंधी सोडून घेतली. मला थोडं वाईट वाटलं, लपवत नाही.

पावसाळ्यात तिकडचे रस्ते तुटले. पाणी ओसरल्यावर सुट्टीत ती एसटीनं आली ती सरळ दुकानात. वाळली होती, पण चालण्यात वेगळीच ऐट होती. तिनं पिशवीतून चिंधी काढली. लाल रंग चिखलानं पार मळला होता.

“भाऊ, एका गावात सुकरी नावाच्या बाईचं लेकरू खेळता खेळता सपकन चाकापुढं आलं. एवढंसं, चड्डीही नाई अंगावर. गाडी त्याच्यापाशी जाऊन उभी राह्यली. ते हासून राह्यलं होतं, अन् मी थरथर कापून राह्यली होती.” तिनं डाव्या हाताची बोटं उघडून दाखवली. “डावा हात हललाच नाई, भाऊ.”

नवाबभाऊंनी फडक्यानं हात पुसले, मग त्याच फडक्यानं डोळे. काळं तेल गालभर पसरलं तरी त्यांना कळलं नाही.

तिनं ती चिंधी परत माझ्या मुठीवर बांधली, पुढच्या शिकणाऱ्यासाठी. आता माझ्याकडे पुन्हा माणसं येतात. पास झालेल्यालाही नवाबभाऊ एकदा पटांगणात बोलावतात आणि पोतं फेकल्याशिवाय त्याचा पेढा खात नाहीत.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी स्कूटर घ्याल, कुणी माझ्यासारखी गिअरची. माझ्या जातीतल्या म्हाताऱ्या शेवटी विनंती करतात, आम्हाला पुसा, तेल घाला, उन्हात टाकू नका. मी तसलं काही मागत नाही. माझ्या सीटवर कोंबडी बसली तरी चालेल. रस्त्यावर निघण्याआधी मात्र एकदा कुणाला तरी तुमच्या चाकापुढं पोतं फेकायला सांगा. ते लेकरू आता चड्डी घालायला शिकलं आहे म्हणे, आणि मोटारसायकलचा आवाज आला की अजूनही रस्त्यावर पळत येतं.