टॉर्च धरणारी

"मुलगी काढून टाका," सर म्हणाले. "तिच्या जागी टॉर्चचा स्टँड ठेवा. निबंध कसा सुटसुटीत होतो बघा."

मिस्त्री गप्प बसला. वर्गाचा नियमच होता तसा. ज्याचा निबंध, त्याने चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. पहिल्या दिवशी सरांनी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, त्यात मिस्त्रीही होता.

ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी निबंधाचे हे प्रयोग चालत. बँकेतल्या साहेबांनी सासऱ्यावर निबंध लिहिला तो कोर्टाच्या नोटिशीसारखा. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या झोपेचं वेळापत्रक केलं. या खेपेला यंत्रासोबत मिळणाऱ्या माहितीपत्रकाचं रूप घ्यायचं होतं. आयुष्यभर शिलाई मशिनी दुरुस्त केलेल्या मिस्त्रीला वाटलं, हे आपल्याला जमेल.

त्याची मुलगी तापाने गेली त्याला वर्षं लोटली होती. घरात तिचं नाव निघत नसे. पण मशीन आडवी करावी, असं लिहिलं आणि पुढच्याच ओळीत ती येऊन बसली. मुलीला हाक मारावी. टॉर्च तिच्या हातात द्यावा. गाणं म्हणताना तिचा हात हलतो, रागावू नये. शेवटी त्याने लिहिलं, हाक मारून कुणी आलं नाही, तर टॉर्च दातात धरावा.

तिच्यावर लिहिलंय, असं त्याने बायकोला भीत भीत सांगितलं होतं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आधी वर्गातल्यांना वाचून दाखवा. परक्यांनी ऐकलं की मलाही धीर होईल."

आणि इथे परके लोक चहा पीत मुलीची चिरफाड करत होते. डॉक्टरीणबाईंच्या मते ती वाचकाला रडवण्यासाठी मुद्दाम घुसडलेली, खरी वाटतच नव्हती. साहेब म्हणाले, "पोरी कुठल्या टॉर्च धरून बसतात? आमची तर हाकेला ओ देत नाही." सगळे हसले. मिस्त्रीही हसला, आणि त्या हसण्याची त्याला शिसारी आली. ती खरंच होती का, एवढं विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

चर्चा आटोपल्यावर सरांनी विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का? तो उभा राहिला. सगळ्यांचे चेहरे खुशीत होते, त्याचं भलं केल्यासारखे.

"नाही. बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला.

सरांनी आपलं पेन दिलं. जिथे जिथे मुलगी होती, तिला मारलेली हाक होती, तिथे त्याने काट मारली, वर स्टँड लिहिलं आणि नवा निबंध मोठ्याने वाचला. टाळ्या पडल्या. सरांनी पाठ थोपटली.

घरी बायकोने खुर्ची ओढून त्याच्या खुर्चीला लावून ठेवली होती. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येत नसे.

"कुणी रडलं का?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

"मग आता मला वाचा."

त्याने कागद उघडला. काट मारलेल्या एकेका जागी त्याने मुलीला आठवणीने परत बसवलं. हाक मारावी, टॉर्च द्यावा, गाणं म्हणते, रागावू नये. बायको डोळे मिटून ऐकत होती. तिच्याकडे बघण्यात त्याचं भान सुटलं, आणि शेवटची ओळ त्याने कागदावर आता होती तशीच वाचली.

"स्टँड नसल्यास टॉर्च दातात धरावा."

बायकोने डोळे उघडले.

"आपल्याकडे स्टँड कधी होता?"

त्याने कागदाची घडी घातली. ती उठली, आपली खुर्ची उचलली आणि भिंतीशी, नेहमीच्या जागी, ठेवून आली.