भुरीच्या पायातला मखमली पट्टा

मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध पांढरी घोडी, तिच्याशेजारी भगव्या कफनीतले बाबा. बाबांनी काठीचं टोक तिच्या पुढच्या पायाला टेकवलं मात्र, घोडी गुडघ्यांवर खाली आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी!

"मागल्या जन्मी ही फार खोटं बोलायची," बाबा म्हणाले. "आता पस्तावतेय बिचारी."

हे म्हणे तिनंच त्यांना सांगितलं होतं. कोणत्या भाषेत, ते कुणी विचारलं नाही.

पहिल्या रांगेतल्या पाववालीचा ऊर भरून आला. तिचीच ही भुरी! चौदा वर्षं हिनं पावाची गाडी ओढली. थकली, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला होता, "ताई, बाबांकडे दे. ओझं नको, ऊन नको, बसून खाईल." भाऊ स्वतः बाबांच्या सेवेत, मग शंका कसली घ्यायची? महिनाभर दारोदार पाव देताना ती सांगत सुटली होती, "माझ्या भुरीला बघून या हो!" निम्मी गर्दी तिनंच धाडलेली.

"हिची मालकीण कोण? ये माय, नमस्कार घे तिचा!" बाबांनी हाक दिली.

भावानं रुमालानं भुरीचे डोळे पुसले. पुढे जाता जाता पाववालीला खटकलं. हा डोळे आधी पुसतो आणि पाणी नंतर येतं? जवळ गेल्यावर रुमालाचा वास आला. डोकेदुखीचा बाम!

गाडीला जुंपण्याआधी रोज खुरातले खडे काढायची तिची सवय. हात आपोआप खाली गेला. "पाय दे गं." भुरीनं पाय दिला, तो लटलट कापत होता. त्यावर लाल मखमली पट्टा.

"ताई, राहू दे, मानाचा पट्टा आहे तो," भाऊ पुटपुटला.

तिनं तो सोडवलाच. आतून बारीक खिळे, टोकं कातडीकडे. खाली चिघळलेली जखम. काठी दाबली की खिळे रुतायचे, आणि कळ असह्य होऊन भुरी खाली कोसळायची. एवढाच चमत्कार.

"हात लावून बघा!" तिनं पट्टा गर्दीत दिला.

"पण आमच्या सुनेचा ताप उतरला ना इथं येऊन?" एक आजोबा तडकले.

"औषध बंद केलं होतं का तिचं?" पाववालीनं विचारलं.

आजोबांनी टोपी सारखी केली.

पट्टा हातोहात फिरत होता, तोवर बाबांनी काढता पाय घेतला. पाववाली भावाकडे वळली. "तुला ठाऊक होतं?"

"होतं. जनावरच ना ते, ताई? आणि तुलाही नकोच झाली होती की."

तिनं भुरीच्या मानेवर हात ठेवला. भावानं दगा दिला खरा. पण महिनाभर ती स्वतः येत होती, लांबून टाळ्या वाजवून परत जात होती. एकदाही तिनं पाय उचलून बघितला नव्हता.

"जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा कुणीतरी," ती म्हणाली. मग लोकांकडे वळली. "तुम्हाला इथं मीच पाठवलं. चुकलं माझं. पण आता एवढं ऐका. मुक्या जिवाच्या मनातलं दुसराच कुणी सांगायला लागला, तर त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. जनावराकडे बघा. ते का वाकतंय, का रडतंय, जवळ जाऊन तपासा. आपल्या भरवशावर जगलेल्या जिवाला कुठं दुखतंय, ते आपल्यालाच कळायला हवं."