नवरीच्या हातचं

मणी निसटला... काळा, मोहरीएवढा, सुईच्या टोकाशी आलेला, आणि आता फरशीवर कुठंतरी. आवाज आला होता, म्हणजे गादीत नसणार, पलंगाखालीच असणार. नीलमनं चष्मा कपाळावर सरकवला, पुन्हा खाली ओढला आणि गुडघ्यांवर बसून तळहात फरशीवरून फिरवायला लागली. वर टेबलावर बाहुली एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होती. बघ बाई, तुझं काय जातंय... साडेआठची एसटी, न्हावऱ्यावरून चौफुला, तिथून दौंड, बाराला लग्न, आणि नवरीची आत्या इथं शिरूरला पलंगाखाली डोळा शोधत रांगतेय.

नाहीच सापडला. डबीत आणखी शंभर होते, त्यातलाच एक लावला. किंचित मोठा. कुणाला कळणार होतं? तिला कळलं, म्हणून उसवला आणि दुसरा लावला, आणि तेवढ्यात चहा निवला.

आठ दिवसांमागे वहिनीचा फोन आला होता. रश्मीवहिनी आधी तब्येत विचारते, मग पाण्याचं, मग मुद्द्याला येते. "ताई, तुमच्या त्या बाव्हल्या हायेत ना, त्या रुखवतात मांडू म्हणते. मण्यांच्या माळाबी आणा. आन्... राग मानू नका हां, तेजूनंच केल्यात म्हणून सांगू. पाव्हणे विचारत्यात ओ, नवरीच्या हातचं काय काय हाय म्हणून. तिला कुरकुंभच्या कंपनीत बारा-बारा तास ड्युटी, कवा करायचं तिनं?"

"सांगा की, त्यात काय!"

त्यात काय. फोन ठेवल्यावर ती हे दोन शब्द बराच वेळ चघळत राहिली होती. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर म्हणायचं राग मानू नका... पण रुखवताची रीतच ती. टेबलावरचं सगळं नवरीनं केलं म्हणून सांगायचं, ऐकणाऱ्यांनी मान डोलवायची. शेजारणीनं विणलेले रुमाल, बाजारातून आणलेले मोत्याचे नारळ, सगळं नवरीच्या हातचं. माझं रुखवत कधी मांडलंच गेलं नाही. स्थळं येत होती तेव्हा आई आजारी, मग स्थळं यायची थांबली, मग आई गेली. इतकं सरळ आहे ते, कुणी विचारलं तर दोन वाक्यांत संपतं, आणि आता कुणी विचारतही नाही.

एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर बिस्किटांचं खोकं, त्यात जुन्या टॉवेलात गुंडाळलेल्या पाच बाहुल्या आणि मण्यांच्या माळा. तीन वर्षं. शाळेच्या ऑफिसातून साडेपाचला सुटायचं, भाजी टाकायची, आणि मग मांजरपाटाचा हात, मांजरपाटाचा पाय, कापूस दाबून दाबून भरायचा. सुरुवात मण्यांनी झाली होती खरं तर. एकदा स्वतः केलेली कानातली घालून ती ऑफिसात गेली, तर पोपटमामा शिपाई म्हणाले, "म्याडम, आज पाव्हणे येनार हायेत का काय?" सगळे हसले. तीही हसली. मामांच्या मनात काहीच नव्हतं, चांगला माणूस. पण दुपारी तिनं ती कानातली काढून पर्समध्ये टाकली, आणि तेव्हापासून दागिने बाहुल्यांच्या अंगावर. त्यांना कोण विचारणार, नटून कुठं निघालीस म्हणून?

खोक्यातल्या चार तशा साध्याच होत्या. पाचवी, पायरीवर बसलेली बाई, ती आई होती. आईच्या लुगड्याचं लुगडं नेसवलेलं, आणि चहाच्या पाण्यात कापड बुडवून बुडवून आईचा रंग चौथ्या खेपेला जमलेला. हिच्यापायी चार महिने गेले. एका माणसानं म्हणावं फक्त... सगळ्यांनी नको, एकानंच म्हणावं, या नीलमच्या हातच्या. मग आयुष्यात काही मागणार नाही. आणि तेवढंच नेमकं आपण फोनवर देऊन बसलो. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

दौंडच्या हॉलमध्ये बौद्धाचार्य अजून यायचे होते. दादा जनरेटरवाल्याशी भांडत होता, त्यानं लांबूनच हात केला. वहिनीनं खोकं घेतलं, "बरं झालं बाई आलात," म्हणाली, आणि बाहुल्या नारळांशेजारी ओळीनं मांडल्या. मागं थर्माकोलची अक्षरं: तेजश्रीच्या हातचं. नीलम शेजारच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. बायका येत होत्या, वाकत होत्या, "अगं बाई, किती बारीक काम!" म्हणत होत्या. माझं आहे ते. माझं.

मग यवतच्या पाव्हण्यांबरोबर सोजरबाई आल्या, नवऱ्या मुलाची आजी. त्यांनी कुणाला न विचारता पायरीवरची बाई उचलली आणि डोळ्यांशी धरली.

"हे कुनी केलं?"

"आमच्या तेजूनं की!" वहिनी म्हणाली.

"बोलवा तिला."

तेजश्री पांढऱ्या साडीत आली, मेंदीचे हात जपत. आजींनी बाहुली तिच्यापुढं धरली. "ही बाई कोन म्हनायची गं पोरी?"

वहिनीचा चेहरा उतरला. नीलमला ते दिसलं आणि — लाज वाटावी असा — आनंद झाला. सांग आता. तुझ्या हातचं ना? मी तोंड उघडायची नाही.

तेजश्री बाहुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आमची आत्या हाय ही. शिरूरची. एकटीच असते ना. आम्ही तिच्याकडनं निघालो की गाडी वळंपर्यंत अशी पायरीवर बसून बघत असते. मान अशी वर करून."

"वाट बघती म्हना की."

"वाट नाही ओ, आजी. आम्ही तर गेलेलो असतो."

नीलम खुर्चीवर पुढं सरकली. एकटीच असते... म्हणजे घरात हे असं बोलतात. माझ्या आईला ही कार्टी आत्या म्हणते — पण आई तर वाकलेली होती. शेवटची दहा वर्षं आईची मान कधी वर झालीच नाही. मग चार महिने मी ही कुणाची मान शिवत होते? आणि हिला कशी ठाऊक? वर्षातून दोनदा येतात, गाडीत सगळे मोबाइलमध्ये, मागच्या काचेतून वळून कोण बघत होतं?

"तुमीच व्हय आत्या?" आजी बाहुलीवरून तिच्याकडे बघत होत्या, पुन्हा बाहुलीकडे. "पोरीनं लई बारकाईनं बघितलंय तुमाला. खरंच हिनंच केलंया न्हवं? का आपलं सांगायचं म्हनून?"

तेजश्रीनं मान खाली घातली. वहिनीनं पदर सारखा केला. हीच ती वेळ, नीलमला कळत होतं. एवढं एक वाक्य बोलायचं होतं, सकाळपासून... छे, तीन वर्षांपासून तोंडाशी आलेलं.

"हो, तिनंच," ती म्हणाली. "चार महिने बसली होती."

आणि म्हणताना तिला ते दिसायला लागलं. ड्युटीवरून आलेली तेजू, पायही न धुता बसलेली, मांडीवर मी... आत्याचं नाक असं नाही म्हणून उसवतेय, पुन्हा घालतेय, डोळ्यांशी धरून बघतेय, आई जेवायला हाका मारतेय तरी उठत नाहीये. कुणीतरी रोज, चार महिने, माझ्यासाठी. खोटं होतं सगळं, तिला पुरतं माहीत होतं, आणि तरी छातीत दुखावं इतकं बरं वाटत होतं.

"लई दिस लागलं म्हना की," सोजरबाई म्हणाल्या.

"लागले ना. माझा चेहरा काही केल्या जमेना तिला..." ती थांबली, आणि म्हातारीनं अजून काहीतरी विचारावं म्हणून तिच्या तोंडाकडे बघत राहिली.