पसरलेल्या सहीचे कार्ड

मी एक जुने कार्ड आहे, मित्रांनो. कार्ड होण्याआधी मी एका लग्नाची पत्रिका होते, म्हणून स्वतःला जुने म्हणते. लग्न लागले, जेवणावळी उठल्या आणि माझे काम संपले. चिमूर तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात, देवाजींच्या घरी, मी फडताळात धूळ खात पडून होते. देवाजी तलावात मासे धरतात आणि थोडे धान पिकवतात. त्यांची मुलगी दिव्यानी नववीत शिकते. तिनेच एका दुपारी मला बाहेर ओढले आणि माझा जवळजवळ कोरा भाग कात्रीने तळहाताएवढा कापला.

तो माझा दुसरा जन्म.

अमेरिकेतली मुले बेसबॉलपटूंची छापील कार्डे जमवतात, हे दिव्यानीने मोबाईलवर पाहिले होते. ती मुले कार्ड पाकिटात घालून खेळाडूला टपालाने पाठवतात. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले रिकामे पाकीट ठेवतात. खेळाडू सही करतो आणि त्याच पाकिटातून कार्ड घरी परत येते. दिव्यानीच्या शाळेतही बापूराव सरांनी बेसबॉल सुरू केला होता. पण आपल्याकडे अशी कार्डे कुठून मिळणार? मग तिने ती स्वतःच करायला घेतली.

राज्याच्या मुलींच्या बेसबॉल संघाचा एक फोटो वर्तमानपत्रात आला होता. सगळ्या जणी चषकाभोवती दाटीवाटीने उभ्या होत्या. त्यातला साधना कुळमेथे यांचा चेहरा कापून दिव्यानीने माझ्यावर चिकटवला. मागच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिले: गाव कुरखेड्याजवळ, मुक्काम नागपूरचे क्रीडा वसतिगृह, मैदानावरची जागा माहीत नाही.

माझ्याआधी तिने आणखी काही कार्डे केली होती. बहुतेकांचे उत्तर आले नाही. एक परत आले ते पत्ता न सापडल्यामुळे, आणि तेही भिजून. चेहरा सुटला होता, अक्षरे वाहून गेली होती. म्हणून या वेळी ती मला चिमूरच्या झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली.

दुकानदार सुनिलभाऊ म्हणाले, "लॅमिनेशन करून टाक ना पोरी. मंग तलावात पडलं तरी काई होत नाई."

आपल्या भागात जे जपायचे, ते सगळे प्लास्टिकमध्ये जाते. मार्कशीट, देवाचा फोटो, रक्तगटाचे कार्ड. गरम यंत्रातून मी चकचकीत होऊन बाहेर आले. फार अभिमान वाटला मला. गुळगुळीत प्लास्टिकवर सही करायची कशी, हा प्रश्न तेव्हा दिव्यानीला पडला नाही, सुनिलभाऊंना नाही आणि मलाही नाही.

मित्रांनो, आता दिव्यानीची अडचण सांगते. ती डावखुरी आहे. बेसबॉलमध्ये ज्या हाताने चेंडू फेकायचा, त्याच्या दुसऱ्या हातात झेल घेण्याचा चामडी ग्लोव्ह असतो. शाळेतले सगळे ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे होते. त्यामुळे दिव्यानी चेंडू झेलायची, ग्लोव्ह काढून टाकायची आणि मग फेकायची. तोवर पळणारी मुलगी बेसवर, म्हणजे धावून गाठायच्या ठिकाणी, पोहोचून कमरेवर हात ठेवून उभी असायची.

जिल्ह्याच्या सामन्यांसाठी संघ निवडायचा होता. सर तिला म्हणाले, "दिव्यानी, तुहा हात भारी हाय. पन खेळ तुह्यासाठी थांबनार नाई. उजव्यानं फेकाले शिक, नाई तं स्कोर लिहाले बस."

तिने महिनाभर उजव्या हाताने फेकून पाहिले. चेंडू बेसकडे न जाता मुख्याध्यापकांच्या स्कूटरकडे जायचा. अशाच एका संध्याकाळी तिने मला पाकिटात घातले. पत्रात अडचणीचा एक शब्द लिहिला नाही. फक्त लिहिले, 'ताई, सही करा.'

नागपूरच्या वसतिगृहात साधनाताईंनी पाकीट उघडले आणि मला पाहून त्या मोठ्याने हसल्या. "हे पाय वो! माहं लगन लावून देल्लं या पोरीनं. मागून सोनेरी गनपती हाय!" मी अजूनही कडेला थोडी पत्रिकाच होते.

त्यांनी बॉलपेन टेकवले. ते घसरले. जेलपेन घेतले, तर शाईचे थेंब झाले. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "लॅमिनेशनवर कोनी सही करते का? देऊन टाक वापस."

"वापस कशी देऊ? पोरीनं इतक्या मेहनतीनं केलं." साधनाताईंनी ओल्या फडक्याने मला पुसले आणि बॅटवर नावे घालायचा जाड मार्कर आणला. तो त्यांनी धरला डाव्या हातात.

होय मित्रांनो, डाव्या हातात! आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. उजव्या हाताने लिहिणाऱ्याचा हात शाईच्या पुढे चालतो. डावखुऱ्याचा हात मागून येतो, ओल्या अक्षरांवरूनच. कागद शाई पिऊन घेतो, म्हणून तिथे थोडक्यात निभावते. प्लास्टिक शाई पीत नाही. साधनाताईंचा तळवा त्यांच्याच नावावरून सरकला आणि 'साधना' उजवीकडे ढगासारखे पसरले.

"अरे देवा, हे नेहमीचंच हाय माहं," त्या म्हणाल्या. खाली सरावाची गाडी हॉर्न देत होती. त्यांनी माझ्यावर फुंकर मारली, मला पाकिटात सरकवले आणि जिन्याकडे धावल्या.

परतीच्या वाटेवर मी फार खट्टू होते. मला ठाऊक होते की या बाई डावखुऱ्या आहेत. दिव्यानीला हेच कळायला हवे होते. पण कार्डाला तोंड कुठे असते?

मी पोहोचले तेव्हा दिव्यानी बाबांसोबत जाळ्यातले मासे निवडत होती. तिने हात फ्रॉकला पुसले आणि पाकीट फोडले. शेजारची हर्षा, तिची वर्गमैत्रीण, मान लांब करून पाहत होती.

"काऊन वो, हे काय?" हर्षा म्हणाली. "तुह्या ताईनं सही केली का कार्ड पुसलं? यापरीस कोरं बरं होतं."

देवाजींनी मला उजेडात धरले. "नाव तं दिसून राह्यलं थोडंसं. पोरी, आसपासचं पुसून काढ, मंग नीट दिसन."

"सॅनिटायझरनं निघते," हर्षा म्हणाली. तिने बाटली आणलीही. दिव्यानीने कापूस भिजवला. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण ते खाली पडू द्यायचे नाही असे तिने ठरवलेले दिसत होते.

कापूस माझ्याजवळ आला. त्याचा थंड, उग्र वास मला आला. मित्रांनो, तो डाग गेला असता तर मी एक नीटनेटके कार्ड झाले असते, आणि माझ्याजवळची एकमेव खबर पुसली गेली असती. मी काहीच करू शकत नव्हते.

कापूस टेकणार तोच दिव्यानीचा हात थांबला. ती खाली वाकली. पसरलेल्या शाईत बारीक रेषा होत्या, कातडीवर असतात तशा. कोणाच्या तरी तळव्याची कड तिथे उमटली होती. तिने आपला डावा हात उलटा करून पाहिला. करंगळीच्या बाजूला सकाळच्या गृहपाठाची निळी शाई होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली. मग ओरडली, "बाबा! ह्या ताई डावऱ्या हायेत! माह्यासारख्या!"

"डागावरून समजते का कुठी?" हर्षा म्हणाली.

"समजते. तू करून पाय."

दुसऱ्या दिवशी ते सगळे शाळेत करून पाहिले गेले. बापूराव सरांनी टेबलावरचे लॅमिनेट केलेले वेळापत्रक पुढे ठेवले आणि स्वतः मार्करने सही केली. स्वच्छ. हर्षाने केली. स्वच्छ. दिव्यानीने केली, आणि तिचे नाव थेट मराठीच्या तासापासून गणिताच्या तासापर्यंत पसरले. वर्ग हसला. दिव्यानीही हसली.

सर मात्र हनुवटी खाजवत म्हणाले, "सही डाव्या हातानं केली, हे पटलं. पन ती बाई बॉल बी डाव्यानंच फेकते, हे यावरून सिद्ध होत नाई. लिहिनं वेगळं, फेकनं वेगळं."

"बरोबर हाय, सर," दिव्यानी म्हणाली. "मंग विचारून पाहू ना."

सरांनी वसतिगृहाचा क्रमांक शोधला. संध्याकाळी फोनवर साधनाताईंचा आवाज आला, "हाव सर, डाव्यानंच फेकतो मी. फर्स्ट बेसवर खेळतो. तिथी तं डावऱ्याले सोपं जाते, ग्लोव्ह मैदानाच्या बाजूनं येते." मग त्यांनी विचारले, "पोरीजवळ उजव्या हाताचा ग्लोव्ह नाई का? माह्याजवळ बी नव्हता. शाळेचाच ग्लोव्ह उजव्या हातात उलटा घाला म्हना तिले. करंगळीच्या जागी आंगठा. पयले बॉल सुटते, मंग हात शिकते."

सरांनी फोन ठेवला. मग कपाटातला सगळ्यात मऊ झालेला ग्लोव्ह काढून दिव्यानीपुढे धरला. "घाल. उलटा."

दिव्यानीच्या खिशातून मी मैदानावर गेले. पहिला चेंडू सुटला, पुढचाही सुटला. हर्षा बॅट टाकून बेसकडे पळत होती. त्यानंतरचा चेंडू फट् असा आवाज करून ग्लोव्हमध्ये बसला, आणि कुठेही न थांबता दिव्यानीच्या डाव्या हातातून थेट बेसकडे गेला. हर्षा अजून अर्ध्या वाटेवर होती.

"हे काय वो!" ती कमरेवर हात ठेवून धापा टाकत म्हणाली. "आता मले खरंच पळा लागन!"

स्कोर लिहायला त्या दिवशी सरांनी दुसऱ्या कोणाला तरी बसवले.

मित्रांनो, आता मी भूगोलाच्या पुस्तकात राहते. तुमच्याकडे माझ्यासारखे एखादे कार्ड असेल तर त्याला कडेने धरा आणि उन्हात ठेवू नका, उन्हाने शाई विटते. लॅमिनेशन करायचेच असेल, तर सही झाल्यावर करा. डाग दिसला की लगेच पुसायला धावू नका. आधी तो कशाने पडला ते पाहा. आणि कधी तुमच्या हाती दूरच्या मुलाने पाठवलेले, तिकीट लावलेले रिकामे पाकीट आले, तर ते टेबलावर पडू देऊ नका. अक्षर चांगले नाही, पेन घसरते, खाली गाडी थांबली आहे, तरी नाव लिहा आणि पाठवा. पलीकडच्या गावात कोणीतरी हात पुसून तयार बसलेले असते.