चाड्यावरची मूठ

आमच्या तांड्यात पेरणीच्या वेळी जी बाई तिफणीमागं चालून चाड्यात, म्हणजे तिफणीवरच्या लाकडी वाटीत, मुठीनं बी सोडते, ती घरची मूठ. मूठ जिची, घरात शब्द तिचा. लग्न होऊन आल्यापासून ती माझी होती. माझी धाकटी जाऊ रूपाबाई हिनं ती माझ्याकडून काढून घेतली, आणि तीही खोटं बोलून.

गेल्या साली माळावर पहिल्यांदाच हरभरा करायचा होता. नव्या जमिनीत हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत आणि गाठींशिवाय पीक पिवळं पडतं, म्हणून सेनगावच्या कृषी सहायकानं जिवाणू खताची पाकिटं दिली. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, सावलीत सुकवा, लगेच पेरा, उन्हात जिवाणू मरतात, असं त्यानं बजावलं. मी चोळलं, लिंबाखाली पसरलं आणि बैलांना पाणी पाजायला गेले. येऊन बघते तर रूपाबाईनं सगळं बी उचलून हळद वाळवायच्या ताडपत्रीवर भर उन्हात टाकलेलं. सावलीत कधी वाळायचं, म्हणाली. दुसरं बी नव्हतं. तेच पेरलं.

हरभरा पिवळा पडला. सासू नानीबाई, तिला आम्ही याडी म्हणतो, तिला मी रूपाबाईनं बियाण्याला ऊन लावल्याचं सांगितलं. रूपाबाईनं स्वतःच्या लेकराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, की उन्हात टाकलं ते जिवनबाईनंच, म्हणजे मीच. याडीला ऊन पटलंच नाही. हळद वाळते, तूर वाळते, उन्हानं कधी बी मरतं का? हिचा हातच वाईट, म्हणाली. मूठ रूपाबाईकडे गेली. पुढं मी कुणाच्या अंगणात गेले, की बायका बियाण्याचं सूप पदराखाली झाकायच्या. ते मी गिळलं नाही. दाढेखाली धरून ठेवलं.

यंदा पुन्हा माळावर हरभरा ठरला. रूपाबाईनं बी चोळलं आणि याडीच्या देखत भर उन्हात ताडपत्रीवर पसरलं. मी ओट्यावर लसूण सोलत होते. एक शब्द पुरला असता. मी सोलत राहिले. शेत एकत्र, नुकसान माझंही होणार होतं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणा हवं तर. माझं नाक आधीच कापलेलं होतं.

फुलं लागायच्या आधीच शेत पिवळं झालं. मी रूपाबाईला बांधावर बोलावलं आणि आमचं एक झाड उपटलं. मुळं मोकळी. शेजारच्या धर्मसिंगला विचारून त्याच्या रानातलं एक उपटलं. मुळांवर गाठीच गाठी, नखानं फोडल्यावर आतून गुलाबी. बी त्यानंही तेच खत चोळून, पण सावलीत सुकवलं होतं. रूपाबाईचा चेहरा उतरला.

संध्याकाळी याडीनं तिचाही हात वाईट ठरवला. रूपाबाई गोठ्यामागं माझ्याकडे आली.

"बाई, उन्हानं झालं म्हनून याडीला सांगा ना. तुमी पाह्यलंय."

"तूच सांग," मी म्हणाले. "पन मंग गेल्या साली उन्हात कुनी टाकलं, ते बी सांग. लेकराच्या डोक्यावर हात ठिवून."

ती आत गेली. मी भिंतीला कान लावला. याडीनं विचारलं, काहून असं झालं?

"माझाच हात वाईट हाय, याडी," रूपाबाई म्हणाली.

दोघींचा हात वाईट, तर थोरलीचाच बरा, म्हणून याडीनं मूठ परत माझ्याकडे दिली. त्या दिवशी मी दोन घास जास्तच जेवले.