दुसऱ्या तारेवरचं बोट

माझं वय जाणून घ्यायचं असेल, मित्रांनो, तर माझ्या पोटावरच्या गोल भोकातून आत डोकवावं लागेल. तिथे पेन्सिलीनं एक आकडा लिहिलेला आहे: अठ्ठावीस. ज्या कारागिरानं मला घडवलं त्याला सही करायची लाज वाटे, म्हणून तो नुसता आकडा टाकायचा. मी त्याची अठ्ठाविसावी गिटार. आता माझं पॉलिश गेलंय, कडेचे टवके उडालेत, पण मान अजून ताठ आहे. मानेचं मुद्दाम सांगते, कारण पुढे तिच्यावरही आळ यायचा आहे.

कारागीर मोठा हळवा माणूस. लाकडाची फळी कानाशी धरून बोटानं टकटक करायचा आणि “ही गाणार” किंवा “ही मुकी” असा निकाल द्यायचा. माझी फळी त्यानं दोनदा वाजवली, जरा थांबला आणि म्हणाला, “ही ऐकणार.” तेव्हा मला वाटलं, आपलं काहीतरी कमी पडलं. ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय काय येतं हे पुढे कळलं.

दुकानाच्या काचेमागे मी दीड वर्ष टांगलेली होते. मग एक दिवस ताई आली. ताई म्हणजे माझी मालकीण, पण मालकीण हा शब्द तिला शोभत नाही. ती छापखान्यात प्रुफं तपासायची. डावं कोपर टेबलाच्या कडेवर, हनुवटी तळव्यात आणि उजव्या हातात लाल पेन, अशी ती सकाळी नऊपासून बसे. सगळा छापखाना तिला ताई म्हणे, म्हणून मीही म्हणते. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटीच राहायची. घरी आली की दिवा लावायची, हात धुवायची आणि मला मांडीवर घ्यायची. त्या घरात दिवसभरातला पहिला आवाज माझा असे.

तुम्हाला ठाऊक असेलच, मला सहा तारा आहेत. डाव्या हाताच्या बोटांनी त्या मानेवरच्या ठरावीक पडद्यांवर, म्हणजे आडव्या पट्ट्यांपाशी, दाबायच्या आणि उजव्या हातानं छेडायच्या. असे तीन-चार सूर एकदम निघाले की त्याला कॉर्ड म्हणतात.

रविवारी सकाळी आम्ही दोघी प्रार्थनेच्या सभागृहात जायचो. तिथे एक आजोबा गाऊन कथा सांगत. आयुष्यभर त्यांनी टपाल वाटलं होतं, म्हणायचे, “पूर्वी माणसांची पत्रं पोचवली, आता देवाची पोचवतो. पत्ता तोच आहे.” बोलता बोलता ते गाऊ लागायचे, गाता गाता बोलू लागायचे, आणि सांधा कुठे आहे ते कुणाला कळायचं नाही. कथेत कुणी संकटात सापडलं, कुणाचं कुणी उरलं नाही, की आजोबा डोळे मिटून एकच शब्द लांबवायचे, “दयाळा...” त्या शब्दाखाली ताई माझी डी नावाची कॉर्ड धरायची. मी सतरंजीसारखी अंथरली जायचे आणि तो शब्द माझ्यावर येऊन बसायचा. सभागृहातली माणसं खोकायची थांबत. ताईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे दिसे, ते तिच्या दोन खोल्यांत मी कधी पाहिलं नाही. आठवड्यातल्या त्या दीड तासात ती एकटी नसायची.

अशी अकरा वर्षं गेली. मग एका रविवारी ‘दयाळा’वर काहीतरी खटकलं.

फार नाही, केसभर. ऐकणाऱ्यांतल्या बहुतेकांना कळलंही नाही, पण आजोबांनी एक डोळा उघडला. कथा संपल्यावर हळूच म्हणाले, “बाळ, आज दयाळाला ठेच लागली वाटतं.”

डफली वाजवणाऱ्या मावशी शेजारीच होत्या. “अगं ताई, गिटार म्हातारी झाली तुझी. दे तिला निवृत्ती. माझी डफली बघ, कधी कुरकूर केली?”

“तुमच्या डफलीला सूर असता तर तिनंही केली असती,” आजोबा म्हणाले.

मावशी हसल्या, ताईही हसली, पण घरी आल्यावर हात धुण्याआधीच तिनं मला पिशवीतून काढलं.

मग सुरू झाली माझी तपासणी. ताईनं माझ्या सहाही तारा बदलल्या. खुंट्या पिळून नव्या तारा सुरात आणल्या. सूर तपासणारा ट्यूनर लावला, तर प्रत्येक तारेला हिरवा दिवा लागला. मोकळ्या तारांत काडीचाही दोष नव्हता. ई मायनर ही दुसरी कॉर्ड धरली, तीही स्वच्छ वाजली. डी धरली की मात्र मध्येच हवा थरथरायची, वूं-वूं असा हेलकावा यायचा. मग ताईनं कॉर्डमधली एकेक तार वेगळी छेडली. चौथी मोकळी तार ठीक. तिसरी आणि पहिली ठीक. दुसरी तार तिसऱ्या पडद्यावर दाबलेली असते; तिच्यातून चौथीचाच सूर वरच्या सप्तकात यायला हवा, दोन बहिणींनी एका तोंडानं बोलावं तसा. ती किंचित चढी बोलत होती.

“सापडलीस,” ताई म्हणाली आणि तिनं दुसरी तार जराशी उतरवली. डी सुधारली. पण ई मायनरमध्ये तीच तार मोकळी वाजते, तिथे ती आता उतरलेली वाटू लागली. इकडचं सरळ करावं तर तिकडचं वाकडं. ताईनं तार पुन्हा चढवली, ओठ आवळले आणि डी कॉर्ड आणखी घट्ट दाबून धरली. तर ती आणखीच चढली.

मित्रांनो, मला सगळं ठाऊक होतं. तार गरजेपेक्षा जोरात दाबली की ती ताणली जाते आणि सूर वर सरकतो, मग लाकूड कितीही चांगलं असो. दुसऱ्या तारेवरचं ताईचं बोट माझ्या गळ्याशी येऊन रुतत होतं. का, तेही मला कळत होतं. त्या बोटाला तार लागतच नव्हती. आपण पुरेसं दाबलंय की नाही हे त्याला समजेना, म्हणून ते दाबत सुटलं होतं. पण मी बोलणार कशी? माझ्याकडे एकच भाषा, वाजण्याची. त्या भाषेत मी रोज तेच सांगत होते आणि ताईला वाटे, बिघाड माझ्यात आहे.

ते बोट करंगळीच्या शेजारचं. आपल्या भाषेत त्याला अनामिका म्हणतात, म्हणजे जिला नावच नाही ती. म्हणूनच की काय, तिची चौकशी कुणी केली नाही. तारांना विचारलं, खुंट्यांना विचारलं, मान वाकली असेल असंही म्हणून झालं, दमट हवेलाही बोल लावून झाला. ताईनं रोज संध्याकाळी ते बोट झटकावं, चोळावं, कपबशी हातातून निसटली की “झोपेत हात दबला असेल” असं भिंतीला सांगावं, आणि पुन्हा माझ्याकडे संशयानं पाहावं. खरं बोलून दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं, आणि मग सभागृहातली आजोबांशेजारची खुर्ची गेली असती. ती भीती मला तिच्या तळव्यात लागायची, गार आणि ओली.

छापखान्यात नव्या मुलींना ती नेहमी बजावायची, आपण लिहिलेलं आपण तपासायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं. स्वतःच्या हाताच्या बाबतीत मात्र ती ते विसरली.

शेवटी तिनं सभागृहात सांगून टाकलं की गिटार बिघडलीय, दुरुस्तीला टाकलीय. आणि मला पिशवीत घालून पलंगाखाली सरकवलं.

मित्रांनो, अंधाराची सवय होते. सवय होत नाही ती चुकीचा आळ घेऊन पडून राहण्याची. रविवारची सकाळ मला पावलांवरून कळायची. ताई उठे, दोन खोल्यांत येरझाऱ्या घाली आणि पलंगावर येऊन बसे. तिचं वजन माझ्यावर असायचं आणि आमच्या मध्ये फक्त एक गादी. आठ महिने आम्ही एकमेकींपासून इतक्याच अंतरावर होतो.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. तीन जिने चढून आजोबा आले होते. बराच वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

“पाणी देऊ?”

“दे. आणि दुरुस्तीला टाकलेल्या गिटारीची पिशवी पलंगाखालून बाहेर डोकावतेय, ती आधी आत तरी ढकल. खोटं बोलायचं तर नीट बोलावं, बाळ.”

ताईनं पाण्याचा पेला पुढे केला. आजोबा सावकाश पाणी प्यायले. “माझा गळा आता थकला. पुढच्या महिन्यात एक शेवटची कथा सांगणार, मग त्याला रजा. दयाळाला हाक मारताना खाली काहीतरी हवं मला. तू नसलीस तर मी बोलूनच सांगेन, गाणार नाही.”

एवढं सांगून ते जिना उतरून गेले. दुसऱ्या दिवशी ताईनं मला खांद्याला अडकवलं.

दुरुस्ती करणाऱ्या काकांच्या कपाळावर कायम एक भिंग चढवलेलं असे, म्हणून सगळे त्यांना भिंगकाका म्हणत. त्यांनी माझ्या मानेवरून डोळा फिरवला. ती सरळ होती. पडदे तपासले. बाराव्या पडद्यावर एकेक तार वाजवून पाहिली. मग मला मांडीवर घेऊन त्यांनी डी कॉर्ड धरली.

ती स्वच्छ वाजली. आठ महिन्यांनी मी माझाच आवाज ऐकला.

“माझ्या हाती तर बरोबर लागतेय,” काका म्हणाले. ताईचा चेहरा उतरला. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. आता आळ कुणावर जाणार हे दिसत होतं.

“तुम्ही वाजवा बघू, ताई.”

ताईनं वाजवली. काकांनी भिंग डोळ्यावर ओढलं. तिची बाकीची नखं गुलाबी होती, अनामिकेचं पांढरंफटक.

“तार दाबताय की तिचा जीव घेताय?” काका गमतीनं म्हणाले, पण लगेच गंभीर झाले. त्यांनी टेबलावरचा एका जुन्या तारेचा तुकडा उचलला. “डोळे मिटा. मी एकेका बोटाला हे टेकवतो. कुठलं ते सांगा.”

“पहिलं,” ताई म्हणाली. मग म्हणाली, “मधलं.”

मग ती थांबली. काकाही थांबले.

“काका, टेकवा की.”

“टेकवलंय, ताई.”

ताईनं डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतूनच पाणी आलं.

काकांनी रुमाल शोधला, तो पॉलिशनं माखलेला निघाला, म्हणून परत खिशात घातला. “गिटारीला काही करायचं नाही. तुम्ही डॉक्टरांकडे जा, आजच्या आज. आणि तोवर हे बघा.” त्यांनी तर्जनी माझ्या खालच्या तीन तारांवर आडवी ठेवली, मधलं बोट पुढे टेकवलं. “ही पण डीच. यात अनामिकेला सुट्टी.”

डॉक्टरांनी कोपर दाबून पाहिलं. वर्षानुवर्षं टेबलाच्या कडेवर टेकवून तिथली नस दबली होती. लहानशी शस्त्रक्रिया करावी लागणार होती. बोटाची जाण परत येईल का, याला डॉक्टर म्हणाले, “येईलही. आठ महिने आधी आला असतात तर ‘येईल’ म्हणालो असतो.” वाजवा, पण थोडं, आणि कोपर कुठे टेकवू नका, असं त्यांनी सांगितलं.

आडव्या तर्जनीची डी पहिल्यांदा फडफडली, आठवड्यानं जराशी बसली, आणि कथेच्या दिवशी आम्ही सभागृहात गेलो.

मावशींनी आल्याआल्या विचारलं, “झाली का दुरुस्त? काय निघालं तिच्यात?”

ताई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. ‘एक तार खराब होती’ एवढं म्हणाली असती तरी चाललं असतं. कुणी पुढे विचारलं नसतं.

“तिच्यात काही नव्हतं, मावशी. माझं बोट बधिर झालंय. मी सगळ्यांना गिटारीचं नाव सांगत होते.”

मावशींनी डफली खाली ठेवली आणि ताईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. आजोबा येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

त्या सकाळची कथा मी सांगणार नाही, ती आजोबांची होती. ‘दयाळा’ आला तेव्हा त्यांचा आवाज मधेच फाटला आणि कॉर्ड काठोकाठ भरून वाजली, एवढंच सांगते. शब्दाचा जो भाग त्यांना पेलवला नाही तो मी पेलला.

आता रविवारी कथा नसते. शस्त्रक्रियेला पाच महिने झाले. घर अजूनही शांतच असतं, आणि अनामिका झोपलेलीच आहे. माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या, धूळ पुसा, फेकू नका. माझं मागणं निराळं आहे, मित्रांनो. जी वस्तू तुमच्या हातात नीट चालत नाही तिला बोल लावण्याआधी एकदा आपल्या हाताकडे बघा. कुठे मुंग्या येत असतील, काही जाणवेनासं झालं असेल, तर भिंतीला सांगू नका. माणसाला सांगा. आणि तुमच्या ओळखीचं कुणी रविवारी यायचं बंद झालं असेल, तर तीन जिने चढून जा.

संध्याकाळी ताई मला मांडीवर घेते. थोडं वाजवून झालं की डोळे मिटते आणि ते बिननावाचं बोट माझ्या दुसऱ्या तारेवर नुसतं ठेवते, दाबत नाही. मग मान हलवते, नाही म्हणून. पाच महिने हा आमचा नेम आहे.

काल मान हलली नाही. बोट तिथेच राहिलं, आणि ती हलक्या आवाजात मला म्हणाली, “गार आहे गं तार.”