आवाज झाकणारा नळ

मी नळ बोलतोय. बाथरूममधला, पितळी, जरासा डावीकडे वाकलेला. आजवर मला बोलायची सोयच नव्हती, कारण दुसऱ्यांचं बोलणं झाकायचं काम माझ्याकडे होतं. आणि खरं सांगू का, मी वैतागलोय. पार वैतागलोय.

नळ कशासाठी असतो? बादली भरावी, तोंड धुवावं, बंद करावा. एवढं साधं काम. पण माणसाच्या हाती साधं काम दिलं, की तो त्याचं काय करून ठेवेल सांगता येत नाही.

माझा जन्म ओतकामाच्या एका कारखान्यातला. वितळलेलं पितळ साच्यात ओतलं, थंड केलं, घासूनपुसून मला चमकवलं. मग दुकानात खोक्यात पडून राहिलो. एक दिवस एक गृहस्थ आले, त्यांनी मला उगाचच दहादा पिळून पाहिलं.

"गळणार नाही ना हो?"

"काका, नळ आपणहून गळत नाही," दुकानदार म्हणाला. "माणसं राग काढल्यासारखी आवळतात, म्हणून गळतो."

काकांनी मान हलवली आणि मला घरी आणलं. तेच या घरातले बाबा. निवृत्त झाल्यापासून इमारतीचे सचिव आहेत. पाणी जपून वापरा, असं जिन्यात भेटेल त्याला ऐकवतात. आणि घरी? लोका सांगे ब्रह्मज्ञान! सभेत ज्यांना उत्तर देता आलं नाही, त्यांना उत्तरं द्यायला बाबा बाथरूममध्ये येतात. मला पूर्ण सोडतात आणि आरशाला दरडावतात, "अहो तिसरा मजला, कुत्रा तुमचा, घाण तुमची आणि झाडू आमचा काय?" तिसऱ्या मजल्याला यातलं अक्षरही कळत नाही. पाणी मात्र माझं जातं.

आई शिवणकाम करतात. त्या आत येऊन मला सोडतात, बादली आपटतात आणि पुटपुटतात, "माप देताना पोट आत ओढायचं, आणि मग म्हणायचं, ताई, घट्ट झालं!" गिऱ्हाईक दारात असताना गोड हसलेल्या असतात. मुलगा आत येऊन मला सोडतो आणि उलट्या बादलीवर बसून मोबाइल बघतो. बाहेर सगळ्यांना वाटतं, आंघोळ चाललीय. अरे बाबा, कोरडाच बाहेर जातोस, कुणाला संशयही येत नाही?

असं हे घर. चौघांना एकच बाथरूम आणि एकच नळ. चौथी कोण म्हणाल, तर सून. लग्न होऊन फार दिवस झालेले नाहीत.

सून एका कंपनीच्या तक्रार विभागात फोन घेते. लोक सकाळपासून तिच्यावर ओरडतात आणि तिने हसत बोलायचं असतं. हसू आवाजात ऐकू येतं म्हणे! समोरचा कितीही बोलला तरी फोन तिने ठेवायचा नाही, असा तिथला नियम. घरी आली की चप्पल काढते, पर्स ठेवते आणि सरळ माझ्याकडे येते. मला सोडते, तोंडाशी टॉवेल धरते आणि रडते. मग तोंड धुऊन बाहेर जाते आणि विचारते, "चहा टाकू का?"

"आमची सून म्हणजे एकदम शांत हो," बाबा शेजाऱ्यांना सांगतात. शांत! इथे माझ्या खालच्या जाळीत तिच्या केसांचे पुंजके अडकत होते. नखं कुरतडून बोटं लाल झाली होती, जेवणाच्या ताटावरून ती अर्ध्यात उठत होती. आणि ही माणसं म्हणे शांत!

रडून झालं की ती एक वाक्य घोकायची. "मला हे जमत नाहीये." परीक्षेआधी उत्तर पाठ करावं तसं. कधी "आई, मला हे जमत नाहीये," कधी नवऱ्याचं नाव घेऊन. मग दार उघडायची आणि वाक्य माझ्यापाशीच ठेवून जायची. मी त्याचं काय करणार होतो? मला एवढं कळत होतं, की हे वाक्य लवकर कुणा माणसाला सांगितलं नाही, तर ही मुलगी एक दिवस मोडून पडेल.

नवऱ्याला एकदा थोडंसं सांगून पाहिलं तिने, दाराशीच. तो म्हणाला, "अगं, मनावर घेऊ नकोस." मग कशावर घ्यायचं? बादलीवर? वर तिला मोबाइलवर दीर्घ श्वासाचे व्हिडिओ पाठवले. श्वास चांगलाच असतो, माझं काही म्हणणं नाही. पण आधी ऐकून तर घे! तिने ते सगळे व्हिडिओ माझ्या आवाजात रडत रडत पाहिले.

मग तो सुटीचा दिवस आला. इमारतीची टाकी धुवायची होती, पाणी बंद राहणार होतं. बाबांनी घरोघरी बेल वाजवून सगळ्यांना बजावलं. एक घर तेवढं राहिलं. त्यांचं स्वतःचं.

दुपारी सुनेच्या साहेबांचा फोन आला, की उद्यापासून जास्त तास बसावं लागेल. ती "हो सर" म्हणाली आणि आत आली. मला पूर्ण सोडलं. रडता रडता ते वाक्य म्हणायला लागली, आणि नेमका मी खोकलो, गुरगुरलो आणि कोरडा पडलो.

"...नाही जमत मला आता! रोज शिव्या खायच्या आणि वर हसायचं, मी नाही जाणार तिकडे!"

अख्ख्या घरात ऐकू गेलं. दाराबाहेर आई रिकामी बादली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली आणि दारावर थाप मारली.

"दार उघड गं," आई म्हणाल्या. दार उघडलं. "शिव्या? मी कधी दिल्या तुला शिव्या?"

"तुम्ही नाही हो आई! ऑफिसात. फोनवर."

"मग ते या नळाला काय सांगतेस? तो काय करणारे?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझी बाजू घेतली!

सुनेने तिथेच उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. एक माणूस तिला म्हणाला होता, तुझ्या घरच्यांनी तुला काही शिकवलं नाही का. आणि ती म्हणाली होती, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. सांगताना हुंदका आला, तरी थांबली नाही. मुलगा धावत आला. "अगं, आधी दीर्घ श्वास..."

"तू गप्प बस," आई म्हणाल्या. "ती बोलतेय ना."

तो गप्प बसला. उपकारच झाले.

"मला वाटायचं, नळ सोडून बडबडणारी या घरात मीच एक," आई म्हणाल्या. तेवढ्यात बाबा जिना चढून आले. "काय झालं? पाणी भरून का नाही ठेवलं?"

"ते तुम्हीच सांगा, सचिव साहेब!"

सून रडता रडता हसली.

लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका, माणसं एवढी गुणी नसतात. पण सुनेने साहेबांना सांगितलं, की जास्त तास जमणार नाहीत, आणि वाईट फोननंतर थोडा वेळ जागेवरून उठू द्या. साहेबांनी तोंड वाकडं केलं, मग मान्य केलं. संध्याकाळी सासूसुना मैदानाला फेऱ्या मारतात आणि आपापल्या गिऱ्हाइकांची मनसोक्त उणीदुणी काढतात. मागची भांडी मुलगा घासतो. बाबा आरशाशी अजून भांडतात, पण मला बंद ठेवून. आई बाहेरून त्यांना आणखी झोंबणारी उत्तरं सुचवतात.

तरी काल जीव धसकला. सून आली, काही न बोलता आत शिरली, दार लावलं आणि मला सोडलं. म्हटलं, झालं, पालथ्या घड्यावर पाणी. पण तिने तोंड धुतलं, मला बंद केलं आणि दार उघडलं.

"आई, आज एक जण फार वाईट बोलला मला. वेळ आहे?"

"आहे की. पाठ धरलीय, मला उठवत नाही. तूच इकडे ये. ही बाही धर आणि बोल."

ती गेली. मग शिलाई मशीनचा आवाजही थांबला.

माझी आता झीज झालीय. वॉशर गेलाय, मूठ ढिली झालीय. आज ना उद्या मला काढून नवा नळ बसवतील. त्याला तरी नळासारखं जगू द्या. रडायचं असेल तर खुशाल रडा, फक्त पाणी बंद ठेवा. बाहेर ऐकू जाऊ दे.